ग्लोबच्या खांबांना तडे का गेले?

लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये नाटक बघायचं तर उभ्यानेच बघायचं, हे मी जायच्या आधीच ठरवलं होतं. मधल्या अंगणात सातशेएक माणसं उभी राहतात. डोक्यावर उघडं आभाळ, समोर छातीइतक्या उंचीचा रंगमंच. पाऊस आला तर रेनकोट घालायचा, छत्री चालत नाही, कारण मागच्याला दिसत नाही. मध्यंतरात पाय भरून आले म्हणून गॅलरीच्या एका ओक लाकडाच्या खांबाला टेकलो, तर पाठीला काहीतरी टोचलं. वळून बघतो तर खांबाला हातभर लांबीची उभी भेग. तिकीट उभं धरून आत सरकवलं, ते बोटाच्या पेरापर्यंत सहज आत गेलं.

शेजारी नाशिकचे एक काका होते. वडिलांची लाकडाची वखार होती म्हणाले. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ओलं लाकूड वापरलंय हो यांनी. आपल्याकडे असं काम केलं तर सुताराला परत दारात उभं करणार नाहीत."

काकांचं निदान बरोबर होतं. लाकूड ओलंच वापरलं होतं, पण चुकून नाही, मुद्दाम. ती भेग बघून मला जो आनंद झाला तो नाटकाइतकाच होता, म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. शेक्सपिअरच्या मंडळींचं मूळ ग्लोब १५९९ साली थेम्सच्या दक्षिण काठावर उभं राहिलं. १६१३ मध्ये ते जळालं, पुढच्याच वर्षी परत बांधलं, आणि १६४२ मध्ये इंग्लंडातली सगळी नाट्यगृहं बंद झाली तेव्हा तेही बंद पडलं. आजचं ग्लोब हे सॅम वानामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासातून उभं राहिलं. १९७० मध्ये त्यांनी त्यासाठी संस्था काढली. १९९३ मध्ये ते गेले आणि नाट्यगृह रीतसर उघडलं १९९७ मध्ये. वीस बाजूंचं, साधारण तीस मीटर व्यासाचं, ओकच्या सांगाड्याचं, वर गवताने शाकारलेलं. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला मिळालेली ही पहिली परवानगी. 'हुबेहूब तसंच' असं त्याचं कौतुक होतं, ते मात्र जपून घ्यावं. मूळ इमारतीच्या पायाचा एक लहानसा तुकडाच १९८९ मध्ये सापडला. बाकीचं जुनी चित्रं, त्या काळचे बांधकामाचे करार आणि सुतारकामाचं ज्ञान यांवरून बांधलेला अंदाज आहे. फार अभ्यासाने बांधलेला, पण अंदाजच.

आता भेगेकडे.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी. नळ्या झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या. ताज्या तोडलेल्या ओकमध्ये पाणी इतकं असतं की कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६० ते ८० टक्के भरावं. हे पाणी दोन ठिकाणी असतं. काही नळ्यांच्या पोकळीत मोकळं, आणि काही नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरलेलं. झाड तोडल्यावर आधी मोकळं पाणी उडून जातं. या काळात लाकूड हलकं होतं, पण आकाराने रेसभरही कमी होत नाही. बादलीतलं पाणी ओतलं म्हणून बादली लहान होत नाही, तसंच हे. पाण्याचं प्रमाण २८ ते ३० टक्क्यांवर आलं की पोकळ्या रिकाम्या होतात आणि भिंतींतलं पाणी निघायला लागतं. आकसणं सुरू होतं ते इथून.

भिंती सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या बनलेल्या असतात आणि हे तंतू बहुतांशी उभेच असतात. पाणी बसतं ते दोन तंतूंच्या मध्ये. ते निघून गेलं की तंतू एकमेकांच्या जवळ येतात, पण त्यांची लांबी तीच राहते. म्हणून दहा फुटी खांब वाळला तरी दहा फुटीच राहतो, जाडी मात्र कमी होते.

जाडीतही दोन दिशा आहेत, आणि खरी गंमत तिथे आहे. ओंडका आडवा कापला की वर्षागणिक वाढलेली वर्तुळं दिसतात. गाभ्यापासून सालीकडे जाणारी एक दिशा, त्रिज्येची. वर्तुळाच्या कडेकडेने जाणारी दुसरी, परिघाची. ओक १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळला तर त्रिज्येच्या दिशेने सुमारे ४ टक्के आकसतो आणि परिघाच्या दिशेने सुमारे ७.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. याची कारणं अनेक आहेत. त्यातलं एक म्हणजे गाभ्यापासून बाहेर जाणारे मज्जाकिरण. ओकमध्ये ते चांगले ठसठशीत असतात, चिरलेल्या फळीवर चंदेरी पट्ट्यांसारखे दिसतात. ते त्रिज्येच्या दिशेने लाकडाला ताणून धरतात, फार आकसू देत नाहीत.

आता कागद-पेन्सिल घ्या. १०० मिलिमीटर त्रिज्येचा गोल ओंडका आहे, गाभा बरोबर मध्ये. परिघ ६२८ मिलिमीटर. वाळल्यावर त्रिज्या झाली ९६. या त्रिज्येला पुरा वळसा घालायचा तर परिघ हवा ६०३ मिलिमीटर. पण परिघाच्या दिशेचं लाकूड साडेसात टक्के आकसून ५८१ वर आलंय. म्हणजे २२ मिलिमीटर लाकूड कमीच पडतं. कापड आखूड शिवलं की सदऱ्याची बटणं लागत नाहीत, समोर फट राहते, तसं. लाकूड थोडं ताण सोसतं, त्यामुळे प्रत्यक्षात फट यापेक्षा लहान असते, पण ती पडणारच. गाभा मध्ये असलेला खांब न तडकता वाळावा, अशी अपेक्षा भूमितीलाच मान्य नाही.

मग खांब कमजोर होतो का? खांबावरचा भार वरून खाली, तंतूंच्या दिशेने उतरतो आणि भेगही त्याच दिशेने जाते. तंतू तुटत नाहीत, फक्त शेजारी-शेजारी थोडे दूर होतात. सालीकडून गाभ्यापर्यंत येऊन थांबणारी भेग ही वाळण्याची खूण आहे. तुळईच्या टोकाजवळ, टेकूपाशी, आरपार गेलेली आडवी भेग असेल, किंवा भेग तंतूंना आडवी कापत असेल, तर मात्र जाणकाराला बोलवावं. आपल्याकडे या दोहोंतला फरक न बघता 'तडा गेलेला खांब घराला वाईट' म्हणून धडधाकट लाकूड उतरवायला लावणारे सल्लागार आहेत. लोकांचे हजारो रुपये त्यात गेलेले मी पाहिले आहेत. खांबाला शुभ-अशुभ काही नसतं, ओलावा असतो.

लाकूड आधी वाळवून का घेतलं नाही, हा काकांचा प्रश्न रास्त आहे. सुतारांचा जुना आडाखा असा की एक इंच जाडीला एक वर्ष. फूटभर जाडीच्या खांबासाठी बारा वर्षं थांबायची कुणाची तयारी असणार? शिवाय वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. ओला असताना तो सोप्याने कापता येतो. म्हणून युरोपातल्या सुतारांनी शेकडो वर्षं ओल्या ओकचीच घरं बांधली, आणि नव्या ग्लोबच्या सुतारांनीही तेच केलं.

पण ओलं लाकूड आकसणार म्हटल्यावर सांधे सैल होणार. तिथे त्यांची युक्ती बघा. एका लाकडाला जीभ काढायची, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच. मग दोन्हींतून गिरमिटाने भोक पाडायचं आणि ओकची खुंटी ठोकायची. मात्र जिभेतलं भोक खाचेच्या भोकासमोर बरोबर आणायचं नाही, दोनतीन मिलिमीटर जिभेच्या मुळाकडे सरकवून पाडायचं. खुंटी त्या वाकड्या वाटेने जाताना स्वतः किंचित वाकते आणि जिभेला खाचेत खेचून धरते. वाकलेली खुंटी म्हणजे स्प्रिंगच. लाकूड वर्षानुवर्षं वाळत राहतं तरी ती ओढ सोडत नाही. खुंटी करवतीने कापत नाहीत, कुऱ्हाडीने उभी फोडतात, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत सलग राहतात. आणि खुंटी कोरडी घेतात. ओल्या लाकडात शिरली की ती थोडी फुगते आणि आणखी घट्ट बसते.

सागवानावर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना हे विचित्र वाटतं, कारण साग फार सोशिक आहे. तो परिघाच्या दिशेने अडीच टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने दीड टक्काच आकसतो. वरचा हिशोब सागासाठी करा, २२ च्या जागी ६ मिलिमीटर येतील. काकांच्या वखारीतला नियम सागाचा होता, ग्लोबचा खांब ओकचा.

याच खुंट्यांमुळे मूळ ग्लोब उभं राहू शकलं. शेक्सपिअरच्या मंडळींचं आधीचं नाट्यगृह, १५७६ चं 'द थिएटर', थेम्सच्या पलीकडे शोर्डिचमध्ये होतं. जमिनीचा भाडेपट्टा संपला, मालकाशी वाद झाला. १५९८ च्या डिसेंबरच्या अखेरीस, मालक गावाला गेलेला असताना, पीटर स्ट्रीट नावाच्या सुताराला घेऊन मंडळींनी अख्खा सांगाडा उतरवला. खिळ्यांची इमारत असती तर हाती सरपण आलं असतं. खुंटीची होती म्हणून खुंट्या काढून सांधे सोडवता आले. असे सांगाडे आधी सुताराच्या अंगणात जुळवून बघत आणि प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा कोरत, म्हणजे कुठली जीभ कुठल्या खाचेची ते कळे. बावीस वर्षांत वाळून आकसलेला प्रत्येक सांधा तर आता फक्त आपल्या जोडीदारालाच बसणारा. ते लाकूड नदीपार गेलं आणि त्यातून ग्लोब उभं राहिलं.

२०१२ मध्ये नव्या ग्लोबवर शेक्सपिअरची ३७ नाटकं ३७ भाषांत झाली, तेव्हा मुंबईच्या दोन मंडळींनी तिथे हिंदी आणि गुजराती प्रयोग केले होते. तिथे मराठी प्रयोगही व्हावा असं मला फार वाटतं.

मध्यंतर संपलं तेव्हा मी हे सगळं काकांना सांगत होतो. सागाचे आकडे ऐकल्यावर ते परत खांबाशी गेले, भेग सोडून सांध्यापाशी वाकले आणि जीभ-खाचेच्या रेषेत नख घालायचा प्रयत्न केला. नख शिरलं नाही. "सांधा मात्र पक्का आहे," म्हणाले, आणि आम्ही दोघं परत रंगमंचाच्या कठड्याशी जागा धरायला गेलो.