कंबरेचा घेर आणि छातीतली 'ॲसिडिटी'

२००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचे शेजारी शेजारी काढलेले एक छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा बीएमआय दोघांचाही नेमका २२.३ होता आणि दिसायला दोघेही सडपातळ होते. शरीरातील चरबी मोजली तेव्हा मात्र ती युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दोघांच्याही आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर एकच असल्यामुळे हे उदाहरण 'वाय-वाय विरोधाभास' या नावाने ओळखले जाऊ लागले. 'मी तर काडीपैलवान, मला कसला मधुमेह होतोय' असे म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे छायाचित्र एकदा तरी पाहावे, असे मला वाटते.

हातपाय बारीक, खांदे उतरलेले आणि पोट तेवढे पुढे आलेले, ही आपल्याकडील चाळिशीची ओळखीची आकृती आहे. तिची सुरुवात पाळण्यातच होते, असे पुण्याच्या संशोधनातून दिसले. जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे सर्वच मापांत लहान होती, परंतु पाठीच्या त्वचेखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखून ठेवली होती; कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. हीच मुले अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली गेली. बहुतेक जण बारीकच होते, तरीही ३७ टक्के तरुणांच्या आणि १८ टक्के तरुणींच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेच्या वर गेलेली आढळली.

स्नायू कमी असण्याला एवढे महत्त्व का, हे समजून घेण्यासारखे आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक स्नायूच असतो. तोच लहान असेल तर साखर रक्तात रेंगाळते. दुसरीकडे, त्वचेखालची जागा अपुरी पडली की जास्तीची चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात साठू लागते. आतड्यांकडील रक्त थेट यकृतात जात असल्यामुळे या चरबीतून सुटणारी मेदाम्ले (फॅटी ॲसिड) आधी यकृताच्याच गळ्यात पडतात. अशा यकृतावर रक्तातील साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिन या संप्रेरकाचा अंमल चालेनासा होतो. त्यामुळे ते रात्रभर नको तेवढी साखर तयार करत राहते आणि रक्तात ट्रायग्लिसराइड नावाची चरबीही सोडते. मधुमेह आणि हृदयविकार ही दोन वेगळी दुखणी एकाच घरात नांदताना दिसतात, त्याचे एक मोठे कारण येथे आहे.

म्हणून वजनकाट्याइतकीच शिंप्याची टेपही महत्त्वाची आहे. पँटचा पट्टा कितव्या भोकात बसतो यावरून घेर ठरवू नये, कारण पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाच्या खाली बांधतो आणि वर्षानुवर्षे तेच माप मिरवतो. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या अंगावर, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडून झाल्यावर टेप धरावी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. वजनाचीही मोजपट्टी आपल्यासाठी कडक आहे: पाश्चात्त्यांना २५ पर्यंतचा बीएमआय चालतो, तर आपल्याकडे २३ पासूनच वजन जास्त धरतात.

टेप हातात नसली तरी शरीर काही खुणा दाखवत असते. मानेच्या मागे, काखेत किंवा जांघेत त्वचा काळपट, जाडसर आणि मखमलीसारखी होते. घरोघरी आया मुलांची ती मान दगडाने किंवा काथ्याने घासत बसतात. परंतु तो मळ नसतो, आणि घासून जात नाही. इन्सुलिनचा परिणाम कमी पडू लागला की शरीर ते अधिकाधिक तयार करते, आणि रक्तात वाढलेले इन्सुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावते. मानेवर लोंबणाऱ्या बारीक चामखिळींचा संबंधही पुष्कळदा याच्याशीच असतो. दुसरी खूण सोनोग्राफीच्या अहवालात दडलेली असते. मूतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीच्या कागदावर 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात साठू लागलेली चरबी, असे छापलेले असते आणि 'ते काय, सगळ्यांनाच असतं' असे म्हणून तो कागद फायलीत जातो. पुष्कळांना असते हे खरे आहे. काळजी करण्याचे कारणही तेच आहे.

या खुणांना महत्त्व द्यायचे, कारण मधुमेहाची पुस्तकी लक्षणे फार उशिरा उमटतात. खूप तहान लागणे, रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागणे, खाऊनही वजन उतरणे ही लक्षणे सर्वांना पाठ असतात. परंतु मूत्रपिंडे साखर सहजासहजी बाहेर जाऊ देत नाहीत. रक्तातील साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते आणि मग तहान लागते. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅमला मधुमेहाचे निदान होते. म्हणजे या दोन आकड्यांच्या दरम्यान माणूस कोणताही त्रास न जाणवता वर्षानुवर्षे मधुमेही असू शकतो. उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के, ही मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ पासून पुढे मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले.

न बरी होणारी जखम, वारंवार खाजणारी लघवीची जागा, अधूनमधून धूसर होणारी नजर यांच्याकडेही याच संशयाने पाहावे. पायांबद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे. साखरेमुळे पायांच्या नसा बधिर होत जातात, तेव्हा रुग्ण 'कापसावरून चालल्यासारखं वाटतं' असे सांगतो. चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि चार पावले पुढे गेल्यावर ते दुसऱ्याच कोणाच्या तरी लक्षात येते. मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आलेल्या माणसाच्या तळव्यांवर संध्याकाळी फोड दिसतात आणि त्याला काहीच जाणवलेले नसते. ज्याला मधुमेह आहे त्याने रोज रात्री आरसा धरून तळवे पाहिले, तर पाय गमावण्याची वेळ पुष्कळदा टळते.

बधिरतेचा हाच प्रकार हृदयाच्या नसांबाबत घडतो, आणि तो अधिक घातक असतो. हृदयविकाराच्या झटक्यात छातीवर कोणी बसल्यासारखा दाब येतो, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, दरदरून घाम फुटतो. जुन्या मधुमेहींना यातले काहीच न होता केवळ धाप, मळमळ किंवा गळून गेल्यासारखा थकवा जाणवू शकतो. स्त्रियांमध्येही ही अवांतर वाटणारी लक्षणे अधिक दिसतात, आणि घरची कामे उरकून मगच दवाखान्यात जाण्याच्या सवयीमुळे त्यांचा वेळही अधिक वाया जातो.

आपल्याकडे हृदयविकाराचे सर्वांत लाडके टोपणनाव 'ॲसिडिटी' हे आहे. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलाला टेकलेला असतो आणि त्याची वेदना पोटाच्या वरच्या भागातून आल्यासारखी मेंदूला वाटते. त्यामुळे 'जेवण अंगावर आलं', 'गॅस धरलाय' असे रुग्ण प्रामाणिकपणेच सांगत असतो. सोडा पिऊन ढेकर आली की थोडे बरेही वाटते, आणि घात होतो तो तिथेच. फरक ओळखण्याची एक खूण बरीच उपयोगी आहे. पित्ताचा त्रास जेवणाशी आणि आडवे होण्याशी जोडलेला असतो; हृदयाचा त्रास पावलांशी. जिना चढताना, चढावर किंवा जेवून लगेच भरभर चालताना छाती आवळते आणि थांबले की पाच मिनिटांत मोकळी होते, असे दोन-तीनदा झाले तर ते पित्त नव्हे असे धरून चालावे. अमेरिकी हृदयतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हिन यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती: कुठे दुखते असे विचारल्यावर हृदयाचा रुग्ण बोट ठेवत नाही, तो मूठ आवळून छातीच्या मध्यावर धरतो. एका बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर दुखणारी टोचणी बहुधा हृदयाची नसते. 'बहुधा' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे.

त्रास बसल्या जागी सुरू झाला, पंधरा-वीस मिनिटे टिकला किंवा थंड घामासह आला, तर विचार करत बसू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नये. बंद झालेल्या रक्तवाहिनीपलीकडचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. पहिला ईसीजी सामान्य आला म्हणून घरी परतण्याची घाई करणेही चुकीचे आहे, कारण ईसीजीतील बदल आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन यांना दिसू लागायला कधी कधी काही तास लागतात.

बावन्न देशांत झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात असे दिसले की, हृदयविकाराच्या पहिल्या झटक्यांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांचा हिशेब नऊ गोष्टींनी लागतो. तंबाखू, रक्तातील घातक चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, भाज्या-फळांचा अभाव, बैठेपण आणि मद्याचा प्रश्न एवढी ती यादी आहे. दक्षिण आशियाई लोकांना हा पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी, म्हणजे इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आलेला होता. तंबाखू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिगारेट येते. मशेरी लावणारी आजी आणि तळहातावर चुना मळणारा काका त्यात धरले जात नाहीत. निकोटीन हिरडीतूनही रक्तात जाते आणि नाडी व रक्तदाब तसाच वाढवते. उपवासाचेही असेच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्याची ताटभर खिचडी खाऊन मधुमेही माणूस एकादशीला जेवढी साखर चढवतो तेवढी त्याच्या रोजच्या भाकरी-उसळीने चढत नसावी.

या उलट, आपल्याच घरातील एक जुनी सवय विज्ञानाच्या कसोटीवर चांगली उतरली आहे, ती म्हणजे शतपावली. हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर उचलतात. त्यामुळे जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालले तरी जेवणोत्तर साखरेचा चढ बसका होतो. शंभर पावले थोडी कमीच पडतात, एवढेच. ज्याला चालताना छाती आवळण्याचा त्रास आहे, त्याने मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

स्वतःचा धोका अजमावण्यासाठी चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने शंभर गुणांची एक प्रश्नावली तयार केली आहे. वय, कंबरेचा घेर, हालचाल आणि आईवडिलांचा मधुमेह, एवढेच तिच्यात विचारले जाते, आणि ६० किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे धोका मोठा. समजा, बावन्न वर्षांचा एक बँक कर्मचारी आहे: वयाचे ३०, घेर ९४ सेंटिमीटर म्हणून १०, दिवसभर बैठक आणि व्यायाम नाही म्हणून ३०, वडिलांना मधुमेह म्हणून १०. बेरीज ८०. यातील ४० गुण त्याच्या हातात नाहीत, पण उरलेले ४० आहेत. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य उपकेंद्रांत मोफत तपासले जातात, आणि आशाताई घरी येऊन भरतात त्या अर्जातही कंबरेच्या मापाचा रकाना असतो.

चेन्नईतच डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर सुमारे अडीच वर्षे एक प्रयोग केला. आहारात बदल करणाऱ्या आणि नेमाने चालणाऱ्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गटातील लोकांचे वजन मात्र फारसे उतरले नव्हते.