फासे टाकले की पात्रं आपोआप वेगळी होतात?

टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र वठवत खेळायच्या रोलप्लेइंग गेमबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पात्राचे गुण, म्हणजे ताकद, बुद्धी वगैरेंचे आकडे, फासे टाकून ठरवले तरच पात्रं वेगवेगळी होतात, ठरावीक पॉइंट स्वतः या गुणांत वाटले की सगळी एकाच साच्यातली.

असं वाटणं साहजिक आहे. फाशांत काय पडेल ते कुणालाच माहीत नसतं. पण बेरीज नीट बघा. एका गुणासाठी तीन फासे टाकून त्यांची बेरीज घेतली, तर ते एकूण 216 प्रकारे पडतात. 18 येतो एकाच प्रकारे, तिन्हींवर सहा. 10 मात्र 27 प्रकारे येतो, 11 सुद्धा तितक्याच. 9 ते 12 मिळून 104 प्रकार, म्हणजे जवळजवळ निम्मे! पडताळायचं तर तीन फासे शंभरेक वेळा टाका आणि बेरजा कागदावर मांडा. मधल्या आकड्यांचा ढीग दिसेल.

पॉइंट वाटताना मात्र ताकद 8 वर ठेवून बुद्धी 15 वर नेता येते. सगळ्यांनी एकच 'सर्वोत्तम' वाटणी उचलली तर पात्रं सारखी होतात, हे खरं.

आणि आकडे जुळले तरी काय? दोन योद्धे, दोघांची ताकद 16. एक सैन्यातून पळून आलेला, दुसरी कर्ज फेडायला पैशासाठी लढणारी. बंद दार दिसलं की पहिला आधी कान लावतो, दुसरी थेट लाथ घालते.