परक्या पाण्यातला पर्च

भुसावळच्या मासळी बाजारात चिलापी विकणारी भोईण मासा उचलताना त्याची पाठ मुठीत आवळत नाही, कारण पाठीवरच्या पराचे काटे तळहातात रुततात. युरोपातल्या पर्च माशालाही असेच काटे असतात. दोघांची कुळे मात्र निराळी आहेत. पर्चच्या पर्सिडी कुळात दोनशेहून अधिक जाती असून त्यांतल्या बहुतेक उत्तर अमेरिकेतल्या बोटभर लांबीच्या डार्टर माशांच्या आहेत. हे कुळ उत्तर गोलार्धातल्या गोड्या पाण्याचे; तापी-गिरणेत त्याचा एकही मूळ रहिवासी नाही. नाईल पर्च तर केवळ नावाचा पर्च आहे.

ब्रिटिश वसाहतवाल्यांनी १८६०च्या दशकात गळाच्या शौकासाठी युरोपातला पर्च टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्ये नेला. मादी आपली अंडी जाळीदार, बुळबुळीत फितीत गुंफून पाणवनस्पतींवर अडकवते. ही फीत मीटरभरही लांब असू शकते आणि इतर मासे तिला सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे लहानशा तलावात पिल्लांची इतकी गर्दी होते की खाद्य पुरेनासे होते आणि मासे खुजेच राहतात. गळ टाकणाऱ्याला हवा असलेला मोठा मासा अशा तलावात क्वचितच लागतो, हा या उद्योगातला विनोद म्हणावा लागेल. शिवाय पिल्ले पाण्यातले सूक्ष्म प्राणी फस्त करतात. शेवाळ खाणारे हे सूक्ष्म प्राणीच असल्याने पाणी हिरवे पडू लागते.

याच कुळातला झँडर १९५५ मध्ये तुर्कस्तानच्या एग्रिदिर सरोवरात सोडला, तेव्हा तिथले काही स्थानिक मासे त्याने संपवले. याच कुळातला रफ नावाचा मासा मात्र कोणी मुद्दाम नेला नाही. जहाजांच्या तोल सांभाळणाऱ्या पाण्यातून तो अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरापर्यंत पोहोचला असावा आणि १९८०च्या दशकात तिथे सापडला.

चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची असून ती भारतात १९५२ मध्ये आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते. पद्धत पर्चच्या अगदी उलट, पण परिणाम तोच: पुष्कळ पिल्ले जगतात, मासे लवकर वयात येतात आणि पाझर तलावात वितीएवढ्या चिलापींचीच दाटी होते. म्हणूनच मत्स्यपालक शक्यतो केवळ नर पिल्लांचे बीज सोडतात.