जैन इरिगेशन आणि खानदेशची शेती

जैन इरिगेशन ही जळगावची कंपनी, ठिबकचे संच, पीव्हीसी पाईप, टिश्यू कल्चरची रोपं आणि फळं-कांद्यावर प्रक्रिया असा तिचा पसारा आहे. संस्थापक भवरलाल हिरालाल जैन (१२ डिसेंबर १९३७ ते २५ फेब्रुवारी २०१६), जळगावात सगळे त्यांना मोठे भाऊ म्हणायचे, मूळ गाव जामनेर तालुक्यातलं वाकोद, अजिंठ्याच्या पायथ्याजवळचं. कंपनीची रीतसर नोंदणी १९८६ ची, पण धंदा त्याच्या बराच आधीपासून चालू होता. ही नोंद कंपनीच्या ताळेबंदाबद्दल नाही, तिचं आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं जे नातं तयार झालं त्याबद्दल आहे, कारण महाराष्ट्रात शेतीमालावर मोठे झालेले उद्योग पुष्कळ आहेत पण एका अख्ख्या पट्ट्याची पीकपद्धत बदलायला हातभार लावणारे फार थोडे.

सुरुवात

भवरलाल जैन मुंबईला कॉमर्स आणि कायदा शिकले, सरकारी नोकरी हातात होती, ती न घेता १९६३ मध्ये घरातल्या तीन पिढ्यांच्या साठवणीचे ७,००० रुपये घालून त्यांनी रॉकेल विकायला सुरुवात केली. मग हळूहळू ट्रॅक्टर, खतं, बियाणं, औषधं, पाईप अशा एजन्सी आल्या. म्हणजे शेतकऱ्याची ओळख झाली ती दुकानाच्या काउंटरवर, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोणत्या गावात विहिरीला किती पाणी आहे, कोणाची उधारी कधी येते, कोणतं खत कुठे चालतं हे सगळं त्या काउंटरवर कळत होतं, कारखाना त्यानंतर आला.

पहिला मोठा कारखाना पपेनचा. १९७८ ला बंद पडलेला केळी पावडरचा कारखाना ३० लाख रुपयांना घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. पपेन हे एन्झाइम औषधात, बिअर नितळ ठेवायला, मांस मऊ करायला वापरतात, त्यामुळे माल बाहेरच्या देशात जायचा. चीक मात्र इथल्याच शेतातून यायचा. झाडावरच्या कच्च्या, हिरव्या पपईला सकाळी सकाळी ब्लेडने उभ्या बारीक चिरा द्यायच्या, पांढरा चीक ओघळतो तो गोळा करायचा आणि खराब व्हायच्या आत पोचवायचा. फळ कच्चं असतानाच त्यातून पैसे येतात हे शेतकऱ्याला नवीन होतं. आणि कारखाना चालायचा असेल तर आधी शेतात पपई उभी पाहिजे, ती नीट आली पाहिजे, म्हणून कंपनीचा माणूस शेतात जायला लागला. पुढची सगळी कामं याच पद्धतीने झाली असं माझं मत आहे.

१९८० पासून पीव्हीसी पाईप आणि दशकाच्या शेवटी ठिबक.

ठिबक

ठिबक म्हणजे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी फिल्टरमधून गाळून मेन लाईन, सबमेन आणि मग काळ्या लॅटरल नळ्यांतून प्रत्येक झाडाच्या मुळाशी थेंब थेंब सोडायचं. ऐकायला सोपं आहे, पण १९९० च्या आसपास ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर दंडाने पाणी भरलंय, वाफा तुडुंब झाल्याशिवाय ज्याला पाणी दिल्यासारखं वाटत नाही, त्याला ही ओली वर्तुळं बघून पटणार कसं, आणि त्यात एकरी खर्च मोठा. सुरुवातीला नळ्या घेऊन बांधावर टाकून दिलेलेही होते. ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडं, क्षाराने चोक होतात, उंदीर-खारी नळ्या कुरतडतात, फिल्टर धुतला नाही तर शेवटच्या झाडापर्यंत पाणीच पोचत नाही. म्हणजे नुसता संच विकून भागणारं नव्हतं. अॅसिड ट्रीटमेंट कशी करायची, नळीची शेवटची टोकं उघडून फ्लश कधी करायचं, व्हेंच्युरीतून, म्हणजे पाण्याबरोबर खत ओढून घेणाऱ्या साधनातून, युरिया आणि पोटॅश किती सोडायचं, हे सगळं शेतावर जाऊन शिकवायला कंपनीने कृषी पदवीधर पोरं नेमली. गावाकडे त्यांना कंपनीचे साहेब म्हणतात पण त्यांच्यातले बरेचसे शेतकऱ्याच्याच घरातले.

जळगावजवळ शिरसोली रस्त्यावरचं जैन हिल्स हे या शिकवण्याचं ठिकाण. उघडी-बोडकी, मुरमाड टेकडी घेतली, समतल चर काढले, पावसाचं पाणी अडवलं, तळी केली आणि त्यावर आंबा, पेरू, डाळिंब, केळी, कांदा असे सगळे प्लॉट उभे केले. गटागटाने शेतकरी बसने येतात, कृषी महोत्सवात तर रांगा लागतात. दाखवायची गोष्ट तिथे डोळ्यासमोर उभी असते, एकाच पिकाला वेगवेगळं अंतर, वेगवेगळी नळी, वेगवेगळी खतमात्रा, आणि शेतकरी स्वतः घड मोजून बघतो. भाषणापेक्षा हे जास्त पटतं. आंब्याची अतिघन लागवड, म्हणजे झाडं अगदी जवळ जवळ लावणं, बऱ्याच जणांनी पहिल्यांदा इथेच बघितली, आणि हेच तंत्र घेऊन २०११ पासून आंध्रातल्या चित्तूर भागात कोका-कोलाबरोबर उन्नती नावाचा आंबा प्रकल्प चालवला गेला.

केळी

जळगाव जिल्ह्यात केळी आधीपासूनच होती. तापीकाठची काळी जमीन, रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर हा पट्टा, सावदा आणि रावेर स्टेशनवरून दिल्लीकडे जाणाऱ्या वॅगन, हे सगळं जुनं आहे. पण तेव्हाची लागवड बसराई, श्रीमंतीसारख्या वाणांच्या कंदांवर व्हायची. शेजाऱ्याच्या बागेतून कंद खणून आणायचे, त्यांच्याबरोबर तिथली सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे बारीक कृमी, आणि रोगही यायचे, कंद लहान-मोठे म्हणून बाग एकसारखी निसवायची नाही, म्हणजे घड एकाच वेळी बाहेर पडायचे नाहीत, आणि पीक हातात यायला साधारण १८ महिने.

१९९० च्या दशकात कंपनीने ग्रँड नैन या वाणाची टिश्यू कल्चर रोपं आणली. चांगल्या, निरोगी झाडाच्या कोंबाचं टोक घेतात, लॅबमध्ये बाटलीत निर्जंतुक माध्यमावर वाढवतात, एकाचे अनेक कोंब करतात, मुळं फुटली की पॉलिहाऊसमध्ये आणतात. खरी परीक्षा हार्डनिंगची असते. बाटलीतलं रोप अगदी नाजूक, त्याला उन्हाची, वाऱ्याची सवयच नाही, म्हणून आधी पॉलिहाऊसमध्ये आणि मग शेडनेटखाली पिशवीत ठेवून पाच-सहा पानांचं होईपर्यंत हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावतात, तेव्हा कुठे ते शेतात जातं. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि थंडीत १० च्या खाली येतो, थंडीने पानं-घडावर जो परिणाम होतो त्याला इकडे चरका म्हणतात, म्हणून लागवडीची वेळही सांभाळावी लागते. पावसाळ्याच्या सुरुवातीची ती मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग.

गादीवाफा, ५ बाय ६ फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण १,४५० झाडं, खाली ठिबकची नळी आणि नळीतूनच खत. असं केल्यावर बाग ११-१२ महिन्यांत कापणीला येते, सगळी झाडं जवळपास एकाच वेळी निसवतात, चांगल्या बागेत घड २५ किलोच्या पुढे जातो, आणि मूळ झाडाच्या पिलावर पुढची पिलबाग धरली की अडीच वर्षांच्या आसपास तीन पिकं निघतात. एकसारखी निसवण ही वरवर छोटी गोष्ट वाटते पण सगळा व्यापार त्यावर आहे, कारण एकाच दिवशी ट्रक भरेल एवढा एका आकाराचा माल निघाला तरच निर्यातदार बांधावर येतो. रावेर तालुक्यातलं तांदलवाडी हे गाव आज आखातात केळी पाठवणाऱ्या गावांत गणलं जातं, आणि २०१६ मध्ये जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. हे सगळं एका कंपनीने केलं असं म्हणणं चुकीचं होईल, शेतकऱ्यांनी पैसा घातला, जोखीम घेतली, घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे संरक्षणाची पिशवी, लावण्यापासून फण्या विरळ करण्यापर्यंत सगळं शिकून घेतलं, कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र जळगावात आहे, त्यांचंही काम आहे. पण निरोगी रोप आणि नळी एकाच ठिकाणी मिळणं आणि सोबत सांगणारा माणूस असणं, हे त्यावेळी दुसरीकडे नव्हतं.

पांढरा कांदा आणि करार

२००० नंतरच्या वर्षांत पांढऱ्या कांद्याची करार शेती सुरू झाली. कंपनीला वाळवलेल्या कांद्याचे काप आणि पावडर निर्यात करायची होती, त्यासाठी लाल कांदा चालत नाही, रंग जातो आणि त्यात पाणीच जास्त असतं, पांढरा पाहिजे आणि त्यातही घन पदार्थ जास्त असलेला. त्यासाठी कंपनीने जेव्ही-१२ नावाचा स्वतःचा वाण काढला.

करार असा असतो की हंगामाआधी कमीत कमी भाव ठरतो, बियाणं कंपनी देते, तिचा माणूस शेतावर येऊन सल्ला देतो, आणि काढणीच्या वेळी बाजारभाव ठरलेल्या भावापेक्षा वर असेल तर शेतकऱ्याला बाजाराच्या जवळपासचा भाव मिळतो. ज्याने कांद्याचे भाव एका आठवड्यात कोसळताना बघितलेत त्याला या कमीत कमी भावाची किंमत कळेल, लासलगावला भाव पडला की पोटात गोळा येणारे लोक आपण. दुसरी बाजूही आहे. बाजार तेजीत गेला की काही जण करार विसरून व्यापाऱ्याला माल देतात, आणि मंदीत प्रतवारीवरून शेतकऱ्याच्या मनात शंका येते की मुद्दामच माल नाकारतायत का. करार शेतीत हे भांडण सगळीकडेच असतं, त्याला कायद्यापेक्षा रोजचा संबंध जास्त उपयोगी पडतो. केंद्राचा २०२० चा करार शेतीचा कायदा २०२१ मध्ये मागे घेतला गेला, त्याच्या कितीतरी आधीपासून खानदेशात हे करार चालू होते.

जागतिक बँक गटातली आयएफसी ही संस्था कंपनीत गुंतवणूकदार होती, तिच्या मदतीने जैन गॅप नावाची चांगल्या शेतीपद्धतींची चौकट तयार झाली. कोणतं औषध कधी फवारलं, काढणीच्या किती दिवस आधी थांबवलं, मजुरांनी हातमोजे घातले का, याची नोंद शेतकऱ्याने ठेवायची. सुरुवातीला ही वही कटकट वाटते, पण परदेशी खरेदीदार तीच मागतो.

पाणी, शाळा आणि बाकी

गिरणा नदीवरचा कांताई बंधारा हा भवरलाल जैन यांच्या पत्नी कांताबाई यांच्या नावाने आहे. अनुभूती नावाच्या शाळा आहेत, त्यातली एक गरीब घरातल्या मुलांसाठी. जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ हे संग्रहालय २५ मार्च २०१२ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते सुरू झालं, त्या मूळच्या जळगावच्याच. शेतीतल्या चांगल्या कामासाठी बारामतीचे कृषितज्ज्ञ अप्पासाहेब पवारांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. फाली नावाचा कार्यक्रम मला या सगळ्यात जास्त आवडतो, ग्रामीण शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांना शेतीचा धंदा म्हणून विचार करायला शिकवतात, मुलं स्वतः छोटे व्यवसाय आराखडे करतात आणि त्यांचं संमेलन जैन हिल्सवर भरतं. नॅन्सी बॅरी यांनी सुरू केलेल्या या कार्यक्रमाला इतर कंपन्यांचीही मदत आहे. शेतकऱ्याची पोरगी आपल्याच गावातल्या टोमॅटोचा हिशोब माइकवर मांडते, तिला मधेच प्रश्न विचारले तरी ती गडबडत नाही, हे बघण्यासारखं असतं.

अडचणी

ठिबकचा धंदा अनुदानावर बसलेला आहे. महाराष्ट्रात आता केंद्र आणि राज्य मिळून अल्पभूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. पूर्वी बऱ्याच ठिकाणी संच आधी द्यायचा आणि सरकारी पैशाची वाट बघायची अशी रीत होती, त्यामुळे कंपनीची येणी तुंबत गेली. परदेशात घेतलेल्या कंपन्यांचं कर्जही होतंच. २०१९ मध्ये कंपनी कर्जाचे हप्ते चुकवू लागली, बँकांशी तडजोड २०२२ मध्ये पूर्ण झाली, आणि मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला. ज्या जिल्ह्यातल्या डीलर, वाहतूकदार, कामगार आणि शेतकरी या सगळ्यांचं गाडं एकाच कंपनीशी जोडलेलं असतं, तिथे अशी वर्षं सगळ्यांनाच जड जातात, आणि एका कंपनीवर एवढं अवलंबून राहणं कितपत शहाणपणाचं हा प्रश्न जळगावकरांनी स्वतःला विचारायलाच हवा.

पाण्याचंही तसंच. ठिबकने एका एकराचं पाणी वाचतं यात वाद नाही, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकर केळी लागली तर जमिनीखालचं पाणी वाढणार कुठून, यावल-रावेर पट्ट्यात बोअर खोल खोल जात राहिले आहेत आणि तापीचं पाणी जमिनीत मुरवून पुनर्भरण करणं हा अजून मोठा विषय आहे. रोगांचंही आहे. अलीकडच्या वर्षांत कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला इकडे हरण्या म्हणतात, नवीन लागवडीच्या बागा उपटून टाकायची वेळ आणली. हा विषाणू मावा किडीमार्फत पसरतो, म्हणून बागेत काकडीवर्गीय आंतरपीक घेऊ नये, बांधावरचं तण काढावं, आणि रोगट झाड दिसलं की लगेच उपटून लांब नेऊन पुरावं असं सांगितलं जातं. रोप कितीही शुद्ध असलं तरी शेजारच्या शेतातून मावा येतोच, त्यामुळे हे एकट्याने करून उपयोग नाही, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच बाग वाचते.