एपिसोड चुकला की चुकलाच

आठवड्याला एक एपिसोड बरा की अख्खा सीझन एकदम बरा, यावर सिरियल बघणाऱ्यांमध्ये हल्ली हमखास वाद होतो आणि दोन्हीकडचे लोक इतक्या पोटतिडकीने बोलतात की वाटावं हा प्रश्न काल-परवाच निघालाय. पण यामागे ऐंशीपेक्षा जास्त वर्षांची गोष्ट आहे, आणि ती वाचत गेलो तसं मला वाटायला लागलं की कधी बघायचं, कशावर बघायचं हे सगळं नंतरचं, आधी हे विचारायला हवं की एपिसोडची कॉपी कुणाकडे आहे. कारण टीव्हीची पहिली चाळीसेक वर्षं बघणाऱ्याकडे ती नव्हतीच. त्या वेळी घरी नसलात, लाइट गेली, कुणी पाहुणे आले, तर गेला एपिसोड. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तोंडी सांगेल तेवढाच आपला.

सुरुवातीला तर दाखवणाऱ्यांकडेही कॉपी नसायची. बीबीसीने 2 नोव्हेंबर 1936 ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रसारण सुरू केलं तेव्हा जवळजवळ सगळं लाइव्ह, नट तिकडे बोलतायत आणि त्याच क्षणी घरात दिसतायत, संपलं की हवेत विरलं. 1954 मध्ये जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीवरचं नाटक त्यांनी 12 डिसेंबरला, रविवारी दाखवलं आणि मग गुरुवारी परत दाखवलं. परत दाखवलं म्हणजे काय, तर पीटर कुशिंगसकट सगळे कलाकार गुरुवारी पुन्हा स्टुडिओत आले आणि अख्खं नाटक पहिल्यापासून नव्याने केलं! तेव्हाचं रिपीट टेलिकास्ट हे असं. आज त्याचं जे रेकॉर्डिंग बघायला मिळतं ते गुरुवारच्या प्रयोगाचं आहे, रविवारचा ज्यांनी पाहिला त्यांनीच पाहिला.

जपून ठेवायचा एक उपाय होता म्हणा, टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून ते चित्र शूट करायचं. अमेरिकेत याला किनेस्कोप म्हणायचे. पण चित्र अगदी धूसर यायचं. न्यूयॉर्कहून लाइव्ह झालेला कार्यक्रम दुसऱ्या टोकाच्या कॅलिफोर्नियात असाच अंधुक पोचायचा. ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकन विनोदी सिरियल सुरू व्हायच्या वेळी नेमका यावरूनच पेच पडला. स्पॉन्सरला ती न्यूयॉर्कहून लाइव्ह हवी होती आणि लूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. मग त्यांनी मार्ग काढला, सिरियल तिथेच प्रेक्षकांसमोर पण 35 एमएमच्या फिल्मवर तीन कॅमेऱ्यांनी शूट करायची, म्हणजे देशभर सगळीकडे सारखंच स्वच्छ चित्र. खर्च वाढत होता म्हणून दोघांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी आपल्या कंपनीकडे ठेवली. ऑक्टोबर 1951 मध्ये सिरियल सुरू झाली. पुढे लूसिल बॉल गरोदर होती त्या काळात अधूनमधून जुने एपिसोड परत लावले आणि लोकांनी तेही आवडीने बघितले, जुनं परत दाखवलं तरी बघणारे आहेत हे तिथे दिसून आलं. मला हा सगळा प्रकार फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच काळातले कितीतरी कार्यक्रम आज नावापुरते उरलेत आणि लूसी मात्र अजून लख्ख दिसते, कारण कॉपी चांगली होती आणि तिला कुणीतरी मालक होता.

1956 मध्ये अँपेक्स कंपनीने व्हिडिओटेपचं मशीन आणलं. दोन इंच रुंदीची टेप, मशीन कपाटाएवढं. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीने न्यूयॉर्कच्या संध्याकाळच्या बातम्या टेप करून पश्चिम किनाऱ्यावर तिथल्या वेळेनुसार उशिरा दाखवल्या. आता कुणालाही वाटेल की चला, यापुढे सगळं जपलं जाणार. झालं उलटंच. टेप महाग होती आणि पुसून परत वापरता यायची, त्यामुळे एकदा दाखवून झालं की पुसायची आणि त्यावर दुसरं काहीतरी भरायचं असा रिवाज पडला, शिवाय कलाकारांशी केलेल्या करारांमुळे कार्यक्रम परत किती वेळा दाखवायचा यालाही मर्यादा होती, मग ठेवायचं कशाला असा तो विचार. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथेच्या सिरियलचे साठच्या दशकातले नव्वदहून जास्त एपिसोड असेच गेले, ते अजून सापडलेले नाहीत.

पण त्यातल्या प्रत्येक हरवलेल्या एपिसोडचा आवाज मात्र शिल्लक आहे, आणि तो बीबीसीने नाही जपलेला. त्या वेळच्या काही चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, कुणी स्पीकरजवळ माइक धरून, नुसता आवाज रेकॉर्ड केला होता. चित्र पकडायचं साधनच नव्हतं ना घरात, मग निदान आवाज तरी. त्यांना काय माहीत होतं की पुढे हीच एकमेव कॉपी उरणार आहे. त्या आवाजावरच नंतर काही एपिसोडना अ‍ॅनिमेशन करून बाहेर काढलं गेलं. शिवाय 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्रात जुने फिल्मचे डबे मिळाले आणि त्यात हरवलेले नऊ एपिसोड निघाले, कारण परदेशी चॅनलना पाठवलेल्या फिल्म परत गेल्याच नव्हत्या. हे वाचताना मला खरंच भरून आलं होतं, त्या सिरियलचे दोन-चारच एपिसोड पाहिलेत मी तरीही.

यात रिमोटचाही भाग आहेच, थोडक्यात सांगतो. झेनिथ कंपनीच्या युजीन पॉलीने 1955 मध्ये पहिला बिनतारी रिमोट केला, तो टॉर्चसारखा उजेड मारून चालायचा आणि खिडकीतून ऊन आलं तरी चॅनल बदलायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलरने आवाजावर चालणारा केला, आत अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या आणि त्यावर पडणारी छोटी हातोडी, कानाला ऐकू न येणारा सूर निघायचा आणि टीव्हीला तो कळायचा, सेलची गरजच नाही. उठायचं वाचलं, पण सातला लागणारी सिरियल सातलाच बघावी लागायची ते काही बदललं नाही.

आता या सगळ्याचा लिहिणाऱ्यांवर काय परिणाम झाला ते बघा, कारण इथे माझा सगळ्यात जास्त जीव आहे. प्रेक्षकाने मागचा एपिसोड पाहिलाच असेल याची खात्री नाही आणि चुकला तर परत बघायची सोय नाही, मग रात्री लागणाऱ्या बहुतेक सिरियल अशा लिहिल्या जायच्या की प्रत्येक एपिसोड स्वतःपुरता पुरा. शेवटी सगळं जागच्या जागी येणार, पुढच्या आठवड्यात नव्या पेशंटपासून नाहीतर नव्या खुनापासून सुरुवात. रोज दुपारी चालणाऱ्या मालिका पुढे पुढे सरकायच्या खऱ्या, पण त्यात म्हणूनच एकच गोष्ट चार वेळा चार पात्रांच्या तोंडून सांगितली जायची, त्याला पाल्हाळ म्हणून नावं ठेवतात लोक पण ती काल न बघू शकलेल्यांची सोय होती.

घरात खरा फरक पडला तो व्हीसीआरने, म्हणजे टीव्हीवरचं कॅसेटवर रेकॉर्ड करणाऱ्या मशीनने. सोनीचं बेटामॅक्स 1975 मध्ये आलं, कॅसेट एक तासाची. जेव्हीसीचं व्हीएचएस 1976 मध्ये, दोन तासांची, म्हणजे अख्खा सिनेमा एका कॅसेटमध्ये, आणि शेवटी तेच टिकलं. यावर लगेच केस झाली. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीला कोर्टात खेचलं, म्हणणं असं की घरी रेकॉर्ड करणं ही कॉपीराइटची चोरी आणि मशीन विकणारा त्यात सामील. मधल्या कोर्टात स्टुडिओ जिंकले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा निकाल 17 जानेवारी 1984 ला लागला, पाच विरुद्ध चार! एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर घरी सिरियल रेकॉर्ड करणं बेकायदा ठरलं असतं. कोर्टाने मान्य केलं की आत्ता दाखवतायत ते रेकॉर्ड करून नंतर सवडीने बघणं यात गैर काही नाही. त्या निकालात लहान मुलांचे कार्यक्रम करणारे फ्रेड रॉजर्स यांच्या साक्षीचाही उल्लेख आहे. त्यांचं म्हणणं होतं की माझा कार्यक्रम घरच्यांना रेकॉर्ड करून सगळ्यांना जमेल त्या वेळी एकत्र बघता येत असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. स्वतःच्या कार्यक्रमाबद्दल इतक्या मोकळ्या मनाने बोलणारा माणूस त्या केसमध्ये साक्षीला होता याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग कॅसेटवर चिकटवलेली लेबलं, त्यावर खाडाखोड करून लिहिलेली नावं, "यावर रेकॉर्ड करू नये" अशी ताकीद, आणि तरीही कुणीतरी त्यावर मॅच रेकॉर्ड केली म्हणून झालेली भांडणं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तर सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून 2012 मध्ये त्या वारल्या तोवर टीव्ही, मुख्यतः बातम्या, दिवसरात्र अनेक मशीनवर रेकॉर्ड केला, सुमारे 70 हजार कॅसेट. त्यांच्यामागे त्या सगळ्या इंटरनेट अर्काइव्ह या डिजिटल संग्रह जपणाऱ्या संस्थेकडे गेल्या.

आणि हातात कॅसेट आल्यावर सिरियलही बदलायला लागल्या. 1990 मध्ये ‘ट्विन पीक्स’ ही रहस्यमय सिरियल आली तेव्हा लोक एपिसोड रेकॉर्ड करून, थांबवून, मागे नेऊन एकेक फ्रेम बघायचे आणि खुणा शोधत बसायचे, कम्प्युटर असलेले त्यावर नेटवर तासन्‌तास चर्चा करायचे. लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच असा प्रेक्षक मिळाला जो विसरत नाही. त्यानंतर डीव्हीडी. ‘एक्स-फाइल्स’चा पहिला सीझन 2000 मध्ये बॉक्स सेट म्हणून आला आणि अख्खा सीझन पुस्तकासारखा कपाटात ठेवायची रीत पडली. एका शनिवार-रविवारात सीझन संपवणं हे कित्येकांनी इथेच पहिल्यांदा केलं, स्ट्रीमिंग यायच्या कितीतरी आधी, त्याला फक्त नाव नव्हतं. टीव्हो 1999 मध्ये आलं, हार्ड डिस्कवर रेकॉर्डिंग, सिरियलचं नाव सांगून ठेवलं की सगळे एपिसोड आपोआप पकडणार आणि चालू कार्यक्रमही थांबवता येणार. पण डिस्क भरली की जुनं आपोआप पुसायचं, ते कपाटातल्या कॅसेटसारखं कायमचं नव्हतं.

पुढचं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालंय. यूट्यूब 2005, नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग 2007 च्या सुरुवातीला, त्याच वर्षी ख्रिसमसला बीबीसीचा आयप्लेअर. नेटफ्लिक्सने 2012 मध्ये ‘लिलीहॅमर’ आणि मग 1 फेब्रुवारी 2013 ला ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे तेराच्या तेरा एपिसोड एकदम टाकले आणि तो पायंडाच पडला. 2015 मध्ये कॉलिन्स डिक्शनरीने ‘बिंज-वॉच’, म्हणजे एका बैठकीत एपिसोडवर एपिसोड बघत जाणं, हा वर्षाचा शब्द ठरवला. मग डिस्नेने 2019 मध्ये ‘द मँडलोरियन’ आठवड्याला एक करून परत थांबायला लावलं, आणि वरचा वाद तिथून नव्याने पेटला. मी स्वतः आठवड्याला एकच्या बाजूचा आहे, सात दिवस मनात घोळलेला एपिसोड जास्त आठवतो माझ्या तरी, पण रात्रभर जागून सीझन संपवणाऱ्याचा आनंदही खराच आहे.

मला काळजी आहे ती वेगळीच. आज सगळं कधीही बघता येतं असं वाटतं खरं, पण आपल्याकडे काहीच नसतं. ‘विलो’ नावाची सिरियल नोव्हेंबर 2022 मध्ये डिस्ने प्लसवर आली, जानेवारीत संपली आणि मे 2023 मध्ये तिथून काढूनच टाकली, जेमतेम सहा महिन्यांत. डिस्क निघालेली नव्हती. त्यात शेकडो लोकांचं काम होतं, ती आवडलेले लोक होते, आणि त्यांच्याकडे साठच्या दशकातल्या त्या टेपरेकॉर्डरवाल्या चाहत्यांइतकीही सोय नव्हती, कारण स्ट्रीमिंगचं चित्र कुलूपबंद येतं, साध्या मार्गाने रेकॉर्ड होत नाही.

माझ्याकडे आवडत्या दोन सिरियल पूर्ण डिस्कवर आहेत. प्लेअरचा ट्रे हाताने ओढावा लागतो पण चालतो, आणि घर आवरताना दर वेळी कुणीतरी विचारतं हे टाकायचं का, तेव्हा मी तो बॉक्स उचलून परत वरच्या फळीवर ठेवतो.