लिनक्सवर चालणारं 'सेड' मॅकवर का अडतं?

सर्व्हरवर वर्षभर बिनबोभाट चाललेली स्क्रिप्ट मॅकवर आणली आणि पहिल्याच ओळीत आपटली. ओळ साधी होती: सेडने (आज्ञेनुसार मजकूर बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) फाइलमधला एक शब्द बदलायचा आणि त्याच फाइलमध्ये साठवायचा. मॅकचं म्हणणं, 'एन या आज्ञेच्या शेवटी जादा अक्षरं आहेत.' माझ्या ओळीत एन नावाची आज्ञाच नव्हती. अर्ध्या तासाने उलगडा झाला: 'एन' हे फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर होतं. जागेवरच बदल करायला सांगणारा जो 'आय' पर्याय आहे, त्याच्या जोडीला मॅकचं सेड बॅकअप फाइलचं शेपूट (नावामागे जोडायचं '.बॅक'सारखं टोक) मागतं. मी ते दिलं नव्हतं, म्हणून त्याने माझी बदलाची आज्ञाच शेपूट समजून गिळली आणि फाइलचं नाव आज्ञा म्हणून वाचायला घेतलं. फाइलचं नाव 'सी'ने सुरू होत असतं, तर तक्रार आणखी वेगळी आली असती!

हा बग नाही, जुन्या वाटणीचा परिणाम आहे.

मुळात घर एकच होतं, अमेरिकेतलं बेल लॅब्ज, म्हणजे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. युनिक्स ही संगणकप्रणाली तिथलीच. केन थॉम्प्सन यांचं 'एड' हे संपादक सॉफ्टवेअर आधी आलं. त्यातल्या एका आज्ञेवरून १९७३ मध्ये मजकूर शोधणारं 'ग्रेप' निघालं, मग ली मॅकमॅहन यांनी 'सेड' लिहिलं. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन यांच्या आद्याक्षरांचं, ओळींतले रकाने वेचणारं 'ऑक' आलं. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ही सगळी मंडळी एकत्र नांदत होती.

पण कोडवर मालकी एटी अँड टीची. परवान्याच्या या कटकटीतून सुटायला दोन गट निघाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि ही हत्यारं नव्याने घडवायला घेतली; लिनक्सवर असतात ती हीच. तिकडे 'बीएसडी' ही युनिक्सची आवृत्ती काढणाऱ्या बर्कली विद्यापीठात कीथ बॉस्टिक यांनी स्वयंसेवकांना गळ घातली: मूळ कोड बघायचा नाही, छापील वर्णनावरून एकेक हत्यार पुन्हा लिहून द्या. १९९१ मध्ये त्यातून एटी अँड टीच्या कोडपासून जवळजवळ मोकळी झालेली आवृत्ती निघाली आणि १९९२ मध्ये एटी अँड टीच्या उपकंपनीने कोर्टाची पायरी चढली. तडजोड १९९४ मध्ये झाली. भाऊबंदकीच म्हणायची.

माझ्या मते खरी मेख त्या 'वर्णनावरून' मध्ये आहे. वर्णनात जे लिहिलं नव्हतं, तिथे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं. ग्नूवाल्यांचा हात सढळ, सोयी वाढवत गेले. बीएसडीवाले जुन्या वळणाचे. मॅकची हत्यारं त्यांच्याच वंशातल्या फ्रीबीएसडीकडून आली आहेत, म्हणून वर त्रास झाला. 'पोझिक्स' या युनिक्सच्या प्रमाणकाने १९९२ मध्ये सर्वांना सामाईक असे नियम घालून दिले खरे, पण सेडचा आय पर्याय त्यात नाहीच. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत ती सोय आधीपासून होती, या दोन घरांनी ती नंतर आपापल्या पद्धतीने घेतली. (शेपूट पर्यायाला चिकटवून दिलं, मध्ये जागा सोडली नाही, तर दोन्हीकडे चालतं.) सोलारिस या सन कंपनीच्या युनिक्सवर तर नुसतं 'ऑक' म्हटलं की जुनंपुराणं ऑक हाती यायचं. नवं हवं तर 'नॉक' म्हणायचं, हे माहीत असलेल्यालाच माहीत.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांना आणखी एक दणका बसतो. ही हत्यारं घडली तेव्हा एक अक्षर म्हणजे एक बाइट असा हिशेब होता. १९९२ मध्येच थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासोबत 'युटीएफ-८' ही अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत आखली. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. आता दरपत्रकातले देवनागरी अंक इंग्रजी करायला लिनक्सवरच्या 'टीआर'ला (अक्षराला अक्षर बदलणाऱ्या हत्याराला) सांगून बघा. ग्नूचं टीआर अजून बाइटच मोजतं, त्यामुळे ५ या एका अंकाचे तीन अंक होतात आणि स्क्रिप्ट चकार शब्द काढत नाही. आपटणारी स्क्रिप्ट परवडली, निदान कळतं तरी. हे काम सेडच्या 'वाय' आज्ञेला द्यावं. लोकेल (संगणकावरची भाषा-लिपीची मांडणी) युटीएफ-८ चा असेल, तर ती अक्षरं ओळखते.

ऑकची तीच गत. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली, तर ग्नूचं 'गॉक' काना-वेलांटी वेगळी धरून ५ सांगतं, डेबियन या लिनक्सवर मुळात मिळणारं 'मॉक' १५. कर्निहॅन यांनी स्वतःच्या मूळ ऑकमध्ये युटीएफ-८ आणलं ते २०२२ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. तेव्हापासून तिथेही ५ येतात. आपल्या शाळेतल्या हिशेबाने अक्षरं तीनच.