जुनी विंडोज परत आणताना

ऐन लग्नसराईत मिरजेहून मावसभावाचा फोन आला. पत्रिका छापायचं त्याचं छोटं दुकान आहे. आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर विंडोज ११ टाकून घेतली होती आणि तेव्हापासून मराठी डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं जुळवायचं, जुनं सॉफ्टवेअर उघडेना. डोंगल नावाची किल्ली यूएसबीत खोचल्याशिवाय ते चालत नाही. "दादा, डोंगल लावलाय, तरी म्हणतंय डोंगल सापडत नाही. तीन पत्रिका प्रुफावर अडकल्यात." मी म्हटलं, दिवाळीत कॉम्प्युटरच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, जिच्यावर घेतली होती ती हार्ड डिस्क शोधून ठेव, मी येतो.

अडलं कुठे, ते आधी सांगतो. त्याची आधीची विंडोज १० होती ३२ बिटची, म्हणजे जुन्या घडणीची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. ३२ बिटचे साधे प्रोग्रॅम तिच्यावर चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम, थेट ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन बसतो, आणि तिथे ६४ बिटचाच लागतो. डोंगलचा ड्रायव्हर जुना, ३२ बिटचा. तो चढलाच नाही, त्यामुळे यूएसबीत खोचलेला डोंगल सॉफ्टवेअरला दिसला नाही.

एरवी अपग्रेडनंतर मागे फिरायची सोपी वाट असते. विंडोज आपलं जुनं बिऱ्हाड 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवते. २०१५ साली विंडोज १० आली तेव्हा परतीची मुदत महिनाभराची होती, २०१६ मध्ये ती १० दिवसांवर आली. मात्र ३२ बिटवरून ६४ बिटवर अपग्रेड होतच नाही. डिस्क पुसून सगळं नव्याने टाकावं लागतं, आणि इथे तेच झालं होतं. आता भिस्त त्या इमेजवर.

सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फायली कॉपी करून ठेवल्या तरी त्या परत टाकून कॉम्प्युटर सुरू होत नाही, हे सांगितलं की लोक चकित होतात. सुरू होण्याची पहिली सूचना सी ड्राइव्हमधल्या कुठल्याच फायलीत नसते. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ती पहिल्याच, ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये असते: ४४६ बाइट कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्यासाठी आणि शेवटी '५५ एए' ही दोन बाइटांची खूण. इमेज परत टाकताना ही जागाही पुन्हा लिहिली जाते. दिवाळीतली आमची इमेज भरली होती ५७ जीबी, डिस्क ५०० जीबीची असूनही. एनटीएफएस या विंडोजच्या फायली मांडायच्या पद्धतीत डिस्कचे साधारण ४ केबीचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येकामागे एक बिट राखलेला असतो: भरलेला की रिकामा. इमेज घेणारा प्रोग्रॅम हा नकाशा वाचून भरलेले तुकडेच उचलतो.

या सगळ्यात मला सर्वांत सुंदर वाटतं ते हे, की इमेज घ्यायचं काम कॉम्प्युटर चालू असताना होतं. समजा, तुम्ही दुकानाच्या खतावणीची नक्कल उतरवताय आणि दिवाणजी त्याच वहीत लिहितायत. तुमचं पान १० उतरवून झाल्यावर त्यांनी तिथली रक्कम पान ९० वर वळवली, तर तुमच्या नकलेत ती दोन्हीकडे दिसेल. विंडोजची शॅडो कॉपी यावर तोडगा काढते. एक क्षण ठरवायचा. त्यानंतर कुठल्याही पानावर नवं लिहायचं झालं तर आधी जुना मजकूर बाजूला उतरवून ठेवायचा, मग लिहायचं. नक्कल करणाऱ्यापुढे त्या पानाच्या जागी बाजूला ठेवलेला मजकूर धरायचा. दिवाणजींचा हात थांबत नाही आणि नक्कल एकाच क्षणाची उतरते.

मिरजेला पोहोचल्यावर पहिल्यांदा कामाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. इमेज परत टाकली की डिस्कवर आज जे आहे ते सगळं पुसलं जातं, आणि इमेजमध्ये दिवाळीनंतरची एकही पत्रिका नव्हती. मग रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, इमेज निवडली आणि पाटी आली: इमेज बायोसवर घेतलेली आहे, हा कॉम्प्युटर ईएफआयवर चालतोय. मावसभावाचा चेहरा उतरला. इमेज शाबूत होती. विंडोज ११ टाकताना कॉम्प्युटर सुरू होण्याची पद्धतच जुन्या बायोसवरून नव्या ईएफआयवर गेली होती. कॉम्प्युटरच्या सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारा पहारा) बंद केलं, लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, चालू केली, त्याच पेनड्राइव्हवरून पुन्हा आत शिरलो. या वेळी हिरवी पट्टी सरकायला लागली. पोर्ट यूएसबी २चं, वेग सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे अर्ध्या तासाचा हिशेब.

तेवढ्यात त्यानं विचारलं, "मधल्या पत्रिका जुन्यात उघडतील ना?" प्रश्न अगदी नेमका होता. सिस्टिम मागे नेता येते, पण नव्या आवृत्तीत तयार झालेली फाइल जुन्या आवृत्तीला बहुधा वाचता येत नाही. आयफोनवरही नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुन्या आयओएसवर चढत नाही. इथे डीटीपीचं सॉफ्टवेअर तेच राहिलं होतं, म्हणून मला काळजी नव्हती.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, डोंगलचा दिवा लागला आणि पहिली पत्रिका उघडली. 'श्री' पासून 'आपले स्नेहांकित' पर्यंत सगळी जोडाक्षरं जागच्या जागी होती. मग मी इंटरनेटची वायर काढली. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. यापुढे सापडणाऱ्या सुरक्षेतल्या भोकांना आपोआप ठिगळं लागणार नाहीत, आणि इमेजनंतर आलेली ठिगळंही पुसली गेली होती. आता पत्रिका त्या कॉम्प्युटरवर लागते, पीडीएफ पेनड्राइव्हवरून शेजारच्या लॅपटॉपवर जाते आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲप तिथून होतं.